फक्कीच्या भिंती

१७ नोव्हेंबर, रविवार

विट्याला जाऊन आलो. काम : विलासचे घर तपासणे. आपले घर ज्याच्या हाती सोपवायचे त्या ठेकेदाराचे आधीचे काम न पाहता करार करणे हा अडाणीपणा. आणि त्या ठेकेदाराचे, अण्णासाहेबांचे, दाखवण्याजोगे काम नेमके माझ्या धाकट्या भावाचे घर असावे, हे माझे नशीब.

मोजपट्टी, ओळंबा आणि पातळीची नळी सोबत नेली. सुलभा गाडीत म्हणाली, "अहो, दिराकडे चाललोय आपण. धाड टाकायला नाही." पत्नीचा विनोद.

दोष : जिन्याची सातवी पायरी सहावीपेक्षा चार मिलिमीटरने उंच. स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट काटकोनात नाही. दोन तास शोधून एवढेच.

दिवाणखाना प्रमाणाबाहेर लहान, स्वयंपाकघर प्रमाणाबाहेर मोठे, आणि दोहोंच्या मध्ये जिथे भिंत हवी तिथे काहीही नाही. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने नापास करावा असा आराखडा. तरीही आम्ही सहा-सात जण तिथे होतो आणि कोणी कोणाच्या पायात येत नव्हते. कारण सापडले नाही. सापडत नाही तोवर चैन पडणार नाही.

आई दिवाळीपासून तिथेच. ओट्याजवळ तिच्यासाठी जमिनीपासून हातभर उंचीची एक बैठक बांधली आहे. तिथून तिला चूल दिसते, दार दिसते, रस्ता दिसतो. शेंगा फोडत बसली होती. "इलास, त्या कुत्र्याला हाकल." "इलास, आरं पंखा कमी कर." "इलास, पाव्हण्यास्नी पानी दे." पाहुणे म्हणजे मी.

विलास : नववी नापास. कोइमतूरला गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचे, दुकान. ते आता मेव्हण्याकडे सोपवून वर्षातले आठ महिने विट्यात. मी जिन्यावर वाकलेला असताना खालून ओरडला, "दादा, मोजून झालं असलं तर ज्येवाय बस. रंजीनं तिसऱ्यांदा आमटी तापवलीया."

रंजनाची, म्हणजे विलासच्या बायकोची, आमटी उत्तम होती. हेही नोंदवतो.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

अपेक्षापत्र आज पूर्ण केले. चौदा पृष्ठे, सूची वेगळी. अकरा वर्षे मनात बांधत असलेले घर. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांना जे सांगतो तेच येथे पाळले आहे : आधी काय हवे ते अचूक लिहा, मग हात लावा.

कलम सहा आईच्या खोलीचे. पलंगाची उंची, भिंतीला धरायचे दांडे, उंबरठा नको, दिव्यांची बटणे बसल्या जागी हाताशी. खोली मागच्या बाजूस, ईशान्येला. स्वयंपाकघराच्या आणि रस्त्याच्या आवाजापासून दूर. तिची झोप सावध आहे. दोन पृष्ठे केवळ तिच्यासाठी.

विलासने आईसाठी असे एक पानही लिहिलेले नाही. लिहिता येणार नाही असे म्हणत नाही. त्याला ते सुचणार नाही.


२४ नोव्हेंबर, रविवार

अण्णासाहेब (पुढे अ.सा.) ठीक चारला आले. चारला म्हणजे चारला. पहिला गुण तिथेच दिला. जैन आहेत, सूर्यास्तानंतर खात नाहीत, म्हणून सगळ्या भेटी चारला. पाणीसुद्धा घरून गाळून आणतात. पावसाळ्यात कोणाचाही पाया खणत नाहीत. "माती उकरली की लय जीव मरत्यात, सर. चार महिनं आमची टिकाव-फावडी कोपऱ्यात." नियम कोणताही असो, पाळणारा मनुष्य मला आवडतो.

चौदाही पृष्ठे त्यांनी बोट लावून वाचली. मग कागद नीट जुळवून ठेवले.

"सर, एवढं लिवून मला आजपतूर कुणी दिलं न्हवतं. एक इच्यारू?"

"विचारा."

"ह्यात मानसं कुठं बसनार?"

पृष्ठ तीन काढून दाखवले. आसनव्यवस्था, मापांसह.

"ह्या खुर्च्या झाल्या, सर."

सुलभा चहाच्या कपात हसली. मला ऐकू आले.

त्यांची अट : करार करण्यापूर्वी प्लॉटवर खऱ्या मापाने चुन्याची फक्की मारायची, आणि घरातल्या सगळ्यांनी त्या रेघांच्या घरात एक दिवस राहायचे. "सकाळच्या च्यापास्नं दिवस मावळंपतूर. सैपाक तितंच, जेवान तितंच, आडवं पडायचं बी तितंच. मग काय हलवायचं ते हलवायचं. फक्की झाडूनं पुसती, सर. भिंत न्हाई पुसत."

पद्धत चांगली आहे. शास्त्रीय आहे. कुठे शिकलात, असे विचारले. विचारले नसते तर बरे झाले असते.

"शिकतोय कुठनं? तुमच्या आईंनीच दावलं की, विट्याला. इलासरावांच्या प्लॉटवर आमी आखणी केल्ती. म्हातारी आली, मधी हुबारली, म्हनली हितनं मला दार दिसत न्हाई. आन् पायानंच फक्की पुसली! इलासराव चुन्याचा डबा घिऊन मागं मागं. चार भित्ती हालवल्या बघा त्या दिवशी. मी म्हनलं, आयला, हे तर लय भारी हाय. तवापास्नं सगळ्यांस्नी करायला लावतोय."

मला यातले काहीही ठाऊक नव्हते. तारीख विचारून घेतली आणि ते गेल्यावर त्या वर्षीची रोजनिशी काढली. त्या दिवशी मी विद्यापीठात होतो. उत्तरपत्रिकांचे पुनर्मूल्यांकन.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

चार भिंती.

माझा आराखडा आईने अकरा वर्षांत तीनदा पाहिला. तीनही वेळा म्हणाली, "चांगलं हाय." ही संमती आहे असे मी धरून चाललो होतो.

सुलभाला रात्रीच्या जेवणात विचारले, विलासच्या घरात तुला नेमके काय आवडले? "तिथे मी भांडी घासत असताना सगळ्यांशी बोलत होते," म्हणाली. हा निकष कोणत्या कलमात घालायचा?


१ डिसेंबर, रविवार

विलास आईला सांगलीला सोडायला आला. बूट काढता काढता म्हणाला, "दादा, एक बोलायचं हुतं. आई आता विट्यालाच ऱ्हाऊ दे की."

बाबा गेल्यापासून नऊ वर्षे आई माझ्याकडे आहे. तिचा औषधांचा तक्ता मी ठेवतो, रक्तदाबाची नोंद मी ठेवतो. शांतपणे सांगितले : हा फ्लॅट तात्पुरता आहे, नव्या घरात तिची स्वतंत्र खोली आहे, त्या खोलीची सोळा पोटकलमे आहेत.

"कलमं तिला वाचाय येत न्हाईत, दादा."

"तुला तरी येतात का?"

हे बोलायला नको होते. विलास हसला, पण कान लाल झाले. लहानपणीही असेच होत असत.

आतून आई : "भांडू नगा रं. शेजारी काय म्हंतील."

शेवटी ठरले ते असे : फक्कीचा दिवस होऊ द्यायचा. त्यानंतर आईलाच विचारायचे, पुढे कुठे राहायचे. तिचा शब्द अंतिम. दोघांनी मान्य केले. मी निश्चिंत होतो. कागदावर दोन्ही घरांची तुलना केली तर विट्याच्या घराला तीस टक्केही गुण मिळणार नाहीत.

विलासची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत आई गॅलरीत उभी होती. मी रोज महाविद्यालयात जातो तेव्हा ती कुठे असते, हे पाहायला मी कधी मान वर केलेली नाही.


८ डिसेंबर, रविवार

आईची मापे घेतली. गुडघ्याची उंची, बसून हात पोहोचतो ते अंतर, एका पावलाची लांबी. ती अगदी ताठ उभी राहिली, डॉक्टरांपुढे उभी राहते तशी. मधेच विचारले, "बरोबर हाय का रं?"

"आई, तुझ्या मापात बरोबर-चूक काय असणार?"

"न्हाई, आपलं इच्यारलं."

नंतर तिला आराखडा पुन्हा समजावला. खोली, दार, खिडकी, बोळ. काही बदल हवा का? मोकळेपणाने सांग.

"चांगलं हाय."

विलासच्या प्लॉटवर पायाने फक्की का पुसलीस, हे विचारायचे होते. विचारले नाही.


१३ डिसेंबर, शुक्रवार

परवा फक्कीचा दिवस. प्रयोगाला नियम नसतील तर तो प्रयोग नव्हे, सहल होते. लिहून काढले :

रेघ म्हणजे भिंत. भिंतीतून जायचे नाही. ये-जा फक्त दारातून. भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलायचे नाही. बोलायचे तर दारातून त्याच्याकडे जायचे. वस्तूही दारातूनच.

सुलभा : "आणि श्वास?"

आईला वाचून दाखवले. तिने दोनदा ऐकून घेतले. म्हणाली, "ध्येनात ठेवते."


१५ डिसेंबर, रविवार

जसे घडले तसे लिहितो.

सकाळी सातला प्लॉटवर. विश्रामबागेच्या पुढे, पुराचे पाणी येते त्याच्या वरच्या चढावर. जागा निवडतानाच तो हिशेब केला होता. अ.सा. आणि त्यांचा गवंडी दोरी लावून फक्की मारत होते. प्रत्येक खोलीचे कर्ण मी स्वतः मोजले. फरक एक सेंटिमीटरच्या आत. आठला घर पूर्ण झाले. अकरा वर्षे कागदावर असलेले घर, पांढरे, जमिनीवर. दिवाणखान्यात उभा राहिलो तेव्हा डोळ्यांत पाणी आले. चुना गेला असावा.

विलास आणि रंजना विट्याहून शेगडी, पातेली, पीठ घेऊन आले. विलास रस्त्यावरून सरळ उडी मारून आत. "आरं द्येवा, न्हानीत आलो वाटतं! कोन हाय का आत?"

सगळे हसले. आईने पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "दारातून ये." तो मागे गेला, दाराच्या रेघेपुढे उभा राहिला, हवेत बोट दाबले. "टिंग टाँग. सर हायत का घरात?"

आई पुन्हा हसली. ती अशी हसते हे मी विसरलो होतो.

दहापर्यंत चहा, पोहे. सुलभाने स्वयंपाकघरापासून जेवणाच्या जागेपर्यंत पावले मोजली, बोळातून, नियमाप्रमाणे : एकतीस. "अहो, आमटी वाटेतच निवेल." लिहून घेतले. रंजना भाकऱ्या थापताना तीनदा काही सांगण्यासाठी वळली आणि तीनदा माझ्याकडे पाहून गप्प झाली. तेही लिहून घेतले, वेगळ्या अर्थाने. मला ती शिस्त वाटली.

बाराच्या सुमारास आई म्हणाली, "जरा पडते." मी तिला हात धरून नेले : बोळ, डावे वळण, उजवे वळण, पुन्हा डावे, दार. सतरंजी अंथरली. शेजारच्या बाभळीची सावली नेमकी तिच्या खोलीवर होती. मला ते शुभ वाटले. सांगितले, "आई, या चार भिंती. दार हे इथे. शांत झोप. कोणी त्रास देणार नाही."

"बरं."

मग आम्ही जेवलो. विलास पाण्याचा जार आणायला गेला होता. आईला झोप लागली असेल, उठल्यावर जेवेल, असे मीच म्हणालो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला कॉलम भिंतीत लपवायचा की नाही यावर अ.सां.शी चर्चा. ती लांबली. तास झाला, वर थोडा.

रस्त्यावरून विलासचा आवाज : "आई! उन्हात का बसलीयास?"

वळून पाहिले. सावली सरकली होती. आई सतरंजीवर उठून बसलेली, पाय पोटाशी, डोक्यावर पदर ओढलेला, सगळी उन्हात. बाभळीची सावली रेघेच्या पलीकडे होती. फूटभर पलीकडे.

विलास जार टाकून धावला. दोन-तीन भिंती तुडवत गेला. "आई, जरा तिकडं सरकायचं न्हाई व्हय?"

"भित्त हाय न्हवं ती. तुज्या भास्करदादानं सांगितलंय."

"मग दारातनं यायचं!"

"समदी ज्येवत हुती. म्हनलं, झालं की यील कोनतरी."

उठायला गेली आणि बसली. चक्कर. अ.सां.नी आपल्या बाटलीतले पाणी दिले. विलासने तिला उचलून सावलीत नेले. मग माझ्याकडे पाहिले. "दादा, फक्की हाय ती. फक्की!"

गवंडी दोरी गुंडाळू लागला.

एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती लिहिली नाही तर या वहीला अर्थ नाही. विलास धावला त्या क्षणी मीही निघालो होतो. बोळाकडे. दाराकडे वळलो होतो.


१६ डिसेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. उन्हाने झाले, दोन दिवस विश्रांती. रक्तदाब ठीक. तक्त्यात नोंदवला.

विलास दुपारी तिला विट्याला घेऊन गेला. मी अडवले नाही. कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

गाडीत बसताना तिने माझा हात धरला. "तुजं घर चांगलं हाय रं. माजंच चुकलं."

ती माझ्यावर रागावली असती तर मी आज झोपलो असतो.

आईला विचारायचे जे ठरले होते ते कोणी विचारले नाही. विचारायची गरज उरली नाही असे विलासला वाटत असेल.


१९ डिसेंबर, गुरुवार

त्याच्या घरात चार भिंती पुसल्या. माझ्या घरात एक रेघ ओलांडली नाही.

त्याला ती हुकूम सोडते. माझी आज्ञा पाळते.

दिवसभर, प्रयोगशाळेतही, हेच मनात घोळत होते. एका विद्यार्थिनीने मापनातील त्रुटीविषयी प्रश्न विचारला आणि मी तिला चुकीचे उत्तर दिले. तीस वर्षांत पहिल्यांदा. वर्गात परत जाऊन दुरुस्त केले.

विलासचा हेवा वाटतो. हे वाक्य शाईने लिहिले आहे. त्याच्या दुकानाचा कधी वाटला नाही, गाडीचा नाही, घराचा वाटला असे मी गेले महिनाभर समजत होतो. घराचाही नव्हता. त्याला कुत्रा हाकलायला सांगतात, त्याचा वाटतो.


२२ डिसेंबर, रविवार

आईशी फोनवर बोललो. "बरी हाय. तू ज्येवलास का? सुलभा बरी हाय का? ठेवते." एवढेच. मागे रंजनाला ओरडत होती, दूध उतू चालल्याबद्दल.

मी दहा वर्षांचा असताना शिष्यवृत्ती मिळाली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात गेलो. सुट्टीत घरी यायचो तेव्हा आई पहिले ताट मला वाढायची. पितळेचे, घासलेले. पाटावर. विलास चुलीपाशी बसून तिच्या ताटातले खायचा, पाणी शेंदायचा, शेण भरायचा, शिव्या खायचा. मला कधी कुणी काम सांगितले नाही. "त्येला नगं सांगू, त्यो साळंतनं आलाय." हे मी मोठ्या अभिमानाने सुलभाला सांगत आलो. माझा घरातला मान म्हणून.

सुट्टी संपली की ती वेशीपर्यंत पोहोचवायला यायची. पाहुण्याला पोहोचवतात तसे. विलासला कधी कोणी पोहोचवले? तो कुठे गेलाच नाही.

आज हे कुणाला सांगू? सुलभाला सांगितले तर ती डोक्यावरून हात फिरवील. ते नको आहे.


२९ डिसेंबर, रविवार

अ.सा. चारला आले. प्लॉटवरची फक्की अजून पुसट दिसते म्हणाले. वाईट वाटून घेऊ नका, असेही म्हणाले, आणि मग स्वभावाप्रमाणे : "सर, घर नापास झालं म्हनून का रडायचं? बांधायच्या आदी झालं, हे बरं की. माज्या किती गिऱ्हाइकांचं बांधल्यावर झालंय."

पाया संक्रांतीनंतर धरायचा म्हणतात. जतचे एक काम त्यांच्यासाठी थांबले आहे. मी हो म्हणालो नाही तर ते तिकडे जातील, मग माझे काम पुढच्या पावसाळ्यानंतर. तोवर मी निवृत्त. आई ब्याऐंशीची.

तीन पर्याय तयार केले. अ : आईची खोली स्वयंपाकघरालगत. ब : दिवाणखान्याच्या जागी. क : मधला बोळच काढून टाकायचा. तिन्ही पर्यायांना गुण दिले. क ला सर्वाधिक. अ.सां.नी तिन्ही कागद पाहिले, घडी घालून परत दिले.

"आईस्नी दावा."

"दाखवले तर 'चांगलं हाय' म्हणेल."

"मग?"

मग काय, ते त्यांनाही माहीत नाही. साडेपाचला उठले, जेवायची वेळ.

सुलभा म्हणते, "तुम्ही विचारता ना, ते परीक्षा घेतल्यासारखं विचारता." अन्यायकारक आहे. बहुधा खरे आहे.


२ जानेवारी, गुरुवार

विलासचा फोन. आडवळणाने बोलत होता. ते त्याला जमत नाही. शेवटी : "दादा, आई हितं हाय म्हनून तू यायचं बंद करू नगंस."

"मला वेळ नव्हता."

"बरं."

मग म्हणाला, "तुज्या घराचं बोलती ती. समद्यांस्नी सांगती, आमच्या सरांनी माज्या खोलीला दोन पानं लिवलीत म्हनून."

आमच्या सरांनी.

त्याच्याविषयी कोणाला सांगताना ती काय म्हणते, हे विचारले नाही. ती त्याच्याविषयी कोणाला सांगतच नसेल. सांगावे लागत नाही.


५ जानेवारी, रविवार

एकटाच विट्याला गेलो. मोजपट्टी नेली नाही. आराखडेही नाही. एक कोरा कागद आणि पेन्सिल.

आई तिच्या बैठकीवर, समोर तुरीचा ढीग, मांडीवर सूप. तब्येत बरी. मी खाली जमिनीवर बसलो, तिच्यासमोर. तिने लगेच, "आरं खुर्ची घे. रंजे, सरांस्नी खुर्ची आन."

खुर्ची नको म्हणालो.

कागद पुढे ठेवला. "आई, तुझी खोली कुठे हवी? तू सांगशील तिथे."

"तुला बरं दिसंल तितं."

"मला नाही. तुला."

"मला काय कळतंय त्यातलं? चांगलंच करशील तू."

तिसऱ्यांदा विचारले. मग मलाच कळले, आवाज चढला होता. तिने सूप थांबवले आणि ताठ बसली. मापे घेताना उभी होती तशी. मी कागद घडी करून खिशात घातला. तसाच बसून राहिलो. तिने पुन्हा पाखडायला सुरुवात केली. बराच वेळ. कोंडा माझ्या अंगावर येत होता. उठावेसे वाटले नाही.

आणि मग, वर न पाहता :

"आरं सरक की तिकडं. उजेड आडवून बसलाईस मगापास्नं."

सरकलो.

"आन् रिकामा बसण्यापरीस हे घे. ह्येवढं पाखडून दे."

सूप हातात आले. दोनदा हलवले आणि अर्धी तूर फरशीवर. विलास दारात येऊन उभा होता, त्याने टाळी वाजवली. आई भडकली. माझ्यावर.

"आरं आरं आरं! काय केलंस! मनगाट हालीव, खांदा न्हवं. येवढं शिकलास आन् सूप धराय येत न्हाई? गोळा कर ती समदी. ती बी, कोपऱ्यातली. दिसत न्हाई व्हय?"

फरशीवर गुडघ्यांवर बसून तूर गोळा केली. अठ्ठावन्न वर्षांचा, विभागप्रमुख. रंजना स्वयंपाकघरात तोंड लपवून हसत होती. आई दहा मिनिटे बोलत होती, थांबेना. तूर झाली, मग चष्म्यावर आली, मग सुलभाला बारीक केल्याबद्दल, मग दिवाळीत फराळाचा डबा परत न पाठवल्याबद्दल. एकही शब्द चुकवू नये असे वाटत होते.

निघताना पायरीवर विचारलेच. "नव्या घरात येशील ना?"

"आदी बांध तर. मग बघू." आणि मागून, "पुढच्या ऐतवारी लवकर ये, निम्मी तूर ऱ्हायलीया."

वेशीपर्यंतच काय, फाटकापर्यंतही आली नाही. तूर सोडून कशी येणार?

अ.सां.चा फोन, गाडी तासगावच्या अलीकडे असताना. आईची खोली सोडून बाकीचा करार करून टाकू म्हणतात. नाही म्हणालो. मग जतचे काम धरू का? उद्या सांगतो म्हणालो. खरे तर उद्या काय सांगायचे ते मला माहीत नाही. त्यांनी पाच वाजून गेल्याचे सांगून फोन ठेवला.

घरी आल्यावर सुलभाने विचारले, काय ठरले. मी म्हणालो, मनगट हलवायचे असते, खांदा नव्हे. ती माझ्याकडे पाहत राहिली.

विलास सुपातला एकही दाणा सांडू देत नाही, असे रंजना म्हणाली. तो हे कधी शिकला?